कुलूप लागलेलं गेट

पुण्याच्या सदाशिव पेठेतून बाणेर उपनगरात राहायला आल्यापासून एक गोष्ट मला सतत खुपायची. समोर दिसणाऱ्या दुकानात जायला एवढा वळसा का? नगर नियोजनाच्या अभ्यासक्रमात प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा मी हाच प्रश्न घेतला: पेठेचा एक तुकडा आणि बाणेरचा एक तुकडा, दोन्हींकडे रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत?

डेटा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशाचा, पायथन प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ओएसएमएनएक्स या साधनाने उतरवून घेतला. चौक किंवा रस्त्याचं बंद टोक म्हणजे बिंदू, त्यांच्यामधला रस्ता म्हणजे दुवा. दुभाजकामुळे एकाच चौकाचे चार-चार बिंदू होतात, ते एकत्र करण्यात दोन दिवस गेले. मग दुव्यांच्या संख्येला बिंदूंच्या संख्येने भागायचं; हे गुणोत्तर म्हणजे जोडणीचं माप. चौकटीसारख्या रस्त्यांच्या जाळ्यात उत्तर २ च्या जवळ जातं, साधारण १.४ च्या खाली आलं की जोडणी तोकडी समजतात.

बाणेरचा आकडा वाटला त्यापेक्षा बराच चांगला आला, म्हणून नकाशाची प्रिंट घेऊन पायी निघाले. सोसायट्यांचे आतले रस्ते नकाशावर आरपार दिसत होते. प्रत्यक्षात तिथे गेट, वॉचमन आणि भिंत. उलट पेठेत दोन वाड्यांमधून जाणारे, जेमतेम हात पसरता येईल एवढे बोळ नकाशावर नव्हतेच. ते मी स्वतः चालून भरले. त्या बोळांचं मोल मला तेव्हा कळलं.

एका सोसायटीच्या मागच्या लोखंडी गेटापाशी धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एक मावशी भेटल्या. "सकाळी नऊपर्यंत उघडं असतं गं, मग कुलूप. परत जाताना मोठ्या रस्त्यानेच जावं लागतं."

घरी येऊन मी दोन जाळी केली, एक गेट उघडं धरून आणि एक बंद धरून. गुणोत्तर जवळजवळ हललं नाही, कारण शेकडो दुव्यांतला एकच दुवा गेला होता. मग मावशींच्या वस्तीपासून त्या इमारतीपर्यंतचं चालण्याचं अंतर काढलं. गेटातून ३५० मीटर, कुलूप असताना १,४०० मीटर. सरळ रेषेत ते २०० मीटरच भरतं.

गुणोत्तराचं कोष्टक मी मग परिशिष्टात टाकलं. अहवालाच्या पहिल्या पानावर मावशींच्या वाटेचे दोन नकाशे आहेत, सकाळी आठचा आणि दुपारी एकचा.