एकदाच विचारायचं

मानसशास्त्राच्या तृतीय वर्षाच्या जर्नलमध्ये कॉन्झर्वेशनचा, म्हणजे मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे मुलाला कळतं का हे पाहण्याचा, प्रयोग दरवर्षी असतो आणि त्याचा निष्कर्ष बहुतेक वेळा प्रयोगाआधीच लिहून झालेला असतो. दोन रांगांत सारख्याच वस्तू मांडायच्या, मुलाला विचारायचं, मग एक रांग पसरवून पुन्हा विचारायचं. सहा-सात वर्षांच्या आतलं मूल लांब रांगेकडे बोट दाखवून 'यात जास्त' म्हणतं. मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि शेमिन्स्का यांनी १९४१ साली लिहिलं तसंच घडलं, असं नोंदवायचं आणि सही घ्यायची. मागच्या वर्षीच्या मुलांचं जर्नल समोर ठेवून उतरवलं तरी काही बिघडत नाही, अशी वर्गात समजूत असते. मी विकासात्मक मानसशास्त्र आणि संशोधन पद्धती हे दोन्ही पेपर शिकवते, त्यामुळे हे मला दोन्हीकडून सलतं.

म्हणून यंदा मी गाईड बाजूला ठेवलं आणि मुक्त परवान्यावरचं साहित्य घेतलं. वाचनाला ओपनस्टॅक्सचं मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक, नोबा या मोफत संकेतस्थळावरची प्रकरणं आणि आकडेमोडीला जास्प हे सॉफ्टवेअर, जे आमच्या लॅबच्या जुन्या संगणकांवरही पैसे न भरता चालतं. प्रात्यक्षिकासाठी परदेशातल्या एका अध्यापिकेने सर्वांसाठी खुली ठेवलेली कृतिपत्रिका मिळाली. इथे परवान्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 'फुकट मिळतं' आणि 'मुक्त आहे' यांत आपल्याकडे फार गल्लत होते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत एनडी ही अक्षरं असली, तर ती फाईल वाचा, जशीच्या तशी वाटा, पण तिचा अनुवाद किंवा बदललेली आवृत्ती मूळ लेखकाला विचारल्याशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. ती माझ्या मुलांच्या कामाची नाही. ही कृतिपत्रिका बाय-एसए परवान्याची होती. म्हणजे बदला, मराठीत आणा, फक्त मूळ करणारीचं नाव द्या, काय बदललं ते सांगा आणि तुमची आवृत्तीही त्याच परवान्यावर इतरांना द्या.

मुलांनी ती मराठीत आणली. मूळ पत्रिकेत प्लास्टिकच्या रंगीत चकत्या होत्या. एका मुलीने घरून चिंचोके आणले, धुऊन, वाळवून. मला ते फार आवडलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला याच वाटेने बालवाडी चालवली. आजूबाजूला मिळेल ते, दगड, पानं, बिया, हेच तिथलं शैक्षणिक साधन होतं. आमच्या पोरांना ही नावं बालशिक्षणाच्या प्रश्नपत्रिकेतल्या टिपांपुरती माहीत होती.

कृष्णाकाठच्या एका गावात दोन अंगणवाड्या आहेत, त्या दोन्हींची परवानगी काढली होती. पर्यवेक्षिकांचं पत्र, पालकांच्या सह्या, मूल नको म्हणालं तर तिथेच थांबायचं, फोटो नाही, व्हिडिओ नाही, जर्नलमध्ये मुलाचं नाव नाही. सकाळी पहिल्या अंगणवाडीत गेलो. वजनकाटा, तक्ते, कोपऱ्यात आहाराची पातेली आणि सतरंजीवर गोल करून बसलेली तीन ते सहा वर्षांची मुलं. सेविकाताई एकेका मुलाला हाताला धरून आणून बसवत होत्या.

चौथं की पाचवं मूल असेल, साडेचार वर्षांची, दोन बो बांधलेली एक मुलगी. माझी विद्यार्थिनी तिच्यासमोर बसली. सहा चिंचोके एका रांगेत, सहा दुसऱ्या रांगेत. "या रांगेत जास्त आहेत, का त्या रांगेत, का दोन्हींत सारखेच?"

पोरीने एकेक चिंचोक्यावर बोट टेकवलं. "सारखेच."

विद्यार्थिनीने एक रांग पसरवली आणि पत्रिकेत लिहिल्याप्रमाणे शब्दही न बदलता तोच प्रश्न पुन्हा विचारला. पोरीने चिंचोक्यांकडे पाहिलंच नाही. तिने आधी विद्यार्थिनीच्या तोंडाकडे पाहिलं, मग मान वळवून सेविकाताईंकडे पाहिलं आणि मग पसरलेल्या रांगेवर हात ठेवला. "यात."

विद्यार्थिनीने 'नाही' च्या रकान्यात खूण केली. नियमाप्रमाणे तिचं काही चुकलं नव्हतं. पण दाराशी उभ्या असलेल्या सेविकाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो मॅडम, आम्ही तोच प्रश्न परत कधी विचारतो? पोरगं चुकलं की. तिला वाटलं आपलं चुकलं, म्हणून बदललं तिनं."

त्या सहज बोलल्या आणि दुसऱ्या मुलाला आणायला गेल्या. माझ्या अंगावर काटा आला. सुसान रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी १९७४ साली हीच शंका प्रयोग करून तपासली होती. सहा वर्षांच्या मुलांपैकी काहींना नेहमीसारखं दोनदा विचारलं, काहींना फक्त बदल केल्यावर एकदाच. एकदाच विचारलेल्या मुलांच्या चुका कमी निघाल्या. त्याच वर्षी मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी रांग मुद्दाम न पसरवता एका खोडकर टेडीकडून 'चुकून' विस्कटवून घेतली, तर कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठ्या माणसाने मुद्दाम काही केलं आणि लगेच प्रश्न विचारला, म्हणजे त्याला काहीतरी वेगळं उत्तर हवं असणार, असा मुलाचा अंदाज असतो. संशोधकांना जे मांडायला निबंध लिहावे लागले, ते रोज पोरांत बसणाऱ्या बाईंनी एका वाक्यात सांगितलं. मी हे सगळं पुढच्या तासांना शिकवणार होते. त्यांच्या वाक्याने ते अंगणवाडीच्या दारातच आलं.

पहिल्या अंगणवाडीतलं काम ठरल्याप्रमाणे पुरं केलं. मधल्या वेळेत देवळाच्या पारावर डबे उघडले आणि मुलांचा वाद सुरू झाला. तो वाद ऐकायला मिळावा म्हणूनच मी या पेशात आहे, असं त्या वेळी मनापासून वाटलं.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सरळ आहे. सकाळी दोनदा विचारलंय, आता दुसऱ्या अंगणवाडीत एकदाच विचारू. फरक दिसेल."

सगळ्यांना पटलं. मागे बसलेली, वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी तेवढी मान हलवत होती. तिला बोल म्हटलं. "फरक दिसला तरी तो प्रश्नामुळे का अंगणवाडीमुळे, कसं कळणार? तिथल्या बाई वेगळ्या. तिथली पोरं कदाचित मोठी असतील. सकाळची वेळ वेगळी, जेवणाची वेगळी."

संशोधन पद्धतीच्या पेपरात याला मोठं नाव आहे आणि ते पाठ करून विसरायची पद्धतही आहे. पारावर कुणी ते नाव घेतलं नाही, पण मुद्दा सगळ्यांना लख्ख दिसला. उपायही तिनेच सांगितला. दुसऱ्या अंगणवाडीतल्याच मुलांत चिठ्ठ्या टाकायच्या, चिठ्ठीत एक आलं तर एकदा विचारायचं, दोन आलं तर दोनदा.

मग दुसरी अडचण निघाली. एकदाच विचारायचं, तर रांगा आधी सारख्या होत्या हे मुलाला ठाऊक होतं, याची खात्री कशी? यावर बराच वेळ गेला. शेवटी ठरलं की दोन्ही गटांत पहिली रांग आपण मांडायची आणि दुसरी मुलाकडूनच लावून घ्यायची, प्रत्येक चिंचोक्यासमोर एक चिंचोका. सेविका दारात नको, मुलाच्या पाठीमागे बसू देत, म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर येणार नाही. आणि खूण करणाऱ्याला चिठ्ठीत काय आलं हे कळता कामा नये. हे शेवटचं मात्र जमण्यासारखं नव्हतं, कारण तो समोरच बसून प्रश्न ऐकणार. तेव्हा तेवढी मर्यादा म्हणून लिहायची ठरली.

मी एकच आग्रह धरला. आत जाण्यापूर्वी हा बेत लिहून काढा आणि वेळेच्या शिक्क्यासह कुठेतरी ठेवा. ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधकांच्या मोफत संकेतस्थळावर हे करता येतं. पारावर नेटवर्क कधी येत होतं, कधी जात होतं, पण एकाच्या फोनवरून ते चढलं. याची गरज मुलांना पटावी म्हणून २०१५ चा तो मोठा प्रकल्प सांगितला. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर मुळात ९७ टक्के अभ्यासांत लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता न येणारे, निकाल होते, पुन्हा करताना ते ३६ टक्क्यांत निघाले. मुलं गप्प झाली. आपण जर्नलमध्ये लिहितो तो निष्कर्ष असा कच्चा असू शकतो, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या अंगणवाडीत काम झालं. एक मुलगा रडला, त्याला लगेच सोडलं. एका पोराने चिंचोके खिशात घातले, त्याची नोंद 'अपूर्ण' म्हणून राहिली.

संध्याकाळी लॅबमध्ये जास्प उघडलं. एकदाच विचारलेल्यांमध्ये 'सारखेच' म्हणणारी मुलं जास्त होती. वर्गात आरडाओरडा झाला आणि एकाने तिथल्या तिथे 'सिद्ध झाले' असं लिहायला घेतलं. मी त्याला विश्वास मध्यांतर, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकेल तो अंदाजाचा पट्टा, वाचायला लावलं. एवढ्या थोड्या मुलांवरून ते इतकं रुंद होतं की फरक मोठाही असू शकतो आणि नसूही शकतो. 'सिद्ध झाले' खोडलं गेलं. त्याच्या जागी काय लिहायचं यावर पुन्हा वाद झाला आणि अखेर 'कल एकदाच विचारण्याच्या बाजूने, मुलं थोडी, पुन्हा करून पाहावे' एवढं राहिलं.

पियाजे चुकला, असंही मी कुणाला लिहू दिलं नाही. सॅम्युएल आणि ब्रायंट यांनी १९८४ साली पाच ते आठ वर्षांच्या मुलांवर हे पुन्हा केलं. एकदा विचारल्याने चुका कमी झाल्या, पण वयाप्रमाणे पडणारा फरक राहिलाच. आणि मूर व फ्राय यांनी १९८६ मध्ये दाखवलं की टेडीच्या खोडीने मुलांचं लक्षच उडतं. टेडीने वस्तूंची संख्या खरोखर बदलली तरी मुलं 'सारखंच' म्हणत राहतात. म्हणजे टेडीचं बरोबर उत्तरही नेहमी समजुतीतून आलेलं नसतं. हे वाचून वर्गातला टेडीचा उत्साह एकदम उतरला.

माझ्या दृष्टीने त्या दिवसाचं मोल या निकालात नाही. छापील जर्नल असतं, तर सेविकाताईंचं वाक्य ऐकून आम्ही 'खरंच की' म्हणालो असतो आणि पुढच्या पानावर गेलो असतो, कारण जर्नलमधला प्रश्न बदलायचा अधिकार ना माझ्याकडे, ना मुलांकडे. परीक्षकाला तीच कृती हवी असते. इथे कृतिपत्रिका बदलायला लेखी मुभा होती, म्हणून ती पारावर बसून बदलली आणि बदललेली वापरली. तालुक्याच्या कॉलेजातली मुलं दुसऱ्याने ठरवलेली पद्धत पाळायलाच शिकतात. पद्धत ठरवण्याची पाळी त्यांच्यावर येतच नाही. मुक्त साहित्याकडे आपल्या अभ्यास मंडळांनी याच कारणासाठी बघावं, पुस्तकाचे पैसे वाचतात एवढ्यासाठी नव्हे.

मराठी आवृत्ती आता त्याच परवान्यावर सर्वांसाठी ठेवली आहे. तिच्यात दोन्ही कृती आहेत, चिठ्ठ्यांची रीत आहे, कोरा तक्ता आहे आणि आमची आकडेवारी मुलांच्या नावांशिवाय जोडली आहे. बदलांच्या नोंदीत पहिला बदल कुणी सुचवला, हेही आम्हाला लिहायचं होतं. सेविकाताईंना फोन करून विचारलं. नाव नको म्हणाल्या, तेव्हा 'अंगणवाडी सेविका, सांगली जिल्हा' असं लिहिलं. त्यांनी एक सूचनाही केली: चिंचोक्यांऐवजी वाटीतलं पाणी घेऊन करा, पोरांना त्यात जास्त रस असतो. पुढच्या सत्रातल्या मुलांनी पाण्याची कृतिपत्रिका करायला घेतली आहे, आणि प्रश्न किती वेळा विचारायचा हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही.