सिडनीतल्या ग्रुप ट्रेनिंगचे माझे पहिले दहा आठवडे

मार्चमध्ये रक्त तपासलं तेव्हा तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ निघाली. मधुमेह नाही, पण अगदी उंबऱ्यापाशी. आईला पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह लागला, मी आता त्रेचाळीसची. इथल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली नाही. म्हणाल्या, रोजचं चालणं चालूच ठेव, पण आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोराचं काम दे. कारणही सांगितलं : काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. मग बीपी पाहिलं, ईसीजी काढला आणि मला मोकळीक दिली.

वेस्टमीडला आमच्या घराजवळ ग्रुप ट्रेनिंगचा एक छोटा स्टुडिओ आहे. पंचेचाळीस मिनिटांच्या अशा वर्गांचं सिडनीत मोठं प्रस्थ आहे, एफ४५ ही जगभर पसरलेली साखळीसुद्धा याच शहरात जन्मली. ऑफिसमधून येताना काचेतून ती पंधरा-वीस माणसं दिसायची. घामाने निथळणारी, लाल झालेली. दोन वर्षं मी नुसती बघून पुढे जात होते. आपल्याला हे झेपणार नाही, आधी थोडं वजन उतरवू आणि मग जाऊ, असंच वाटायचं.

पहिल्या दिवशी ट्रेनर मुलीने मला वर्गात घेतलंच नाही. बाकावर बसवून दहा मिनिटं प्रश्न विचारले. गुडघे दुखतात का, पाठ कधी धरली होती का, बाळंतपण नॉर्मल की सिझेरियन, शिंकताना लघवीचा थेंब जातो का. हा शेवटचा प्रश्न मला चौदा वर्षांत कोणीही विचारला नव्हता, अगदी घरच्या बायकांनीही नाही. मी "हो" म्हटलं. तिने लिहून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, मग तुला सध्या उड्या नाहीत, प्रत्येक उडीच्या जागी मी दुसरं काहीतरी देईन. घरी जाताना मला रडू आलं. आपल्याकडे किती जणी याच एका गोष्टीपायी पळणं, उड्या मारणं, अगदी गरबासुद्धा सोडून देतात!

वर्गाचं गणित सरळ आहे. नऊ ठिकाणं मांडलेली असतात. एकीकडे वल्हवल्यासारखं ओढायचं रोइंग मशीन, दुसरीकडे केटलबेल म्हणजे कडी असलेला लोखंडी गोळा, जाडजूड दोर, डंबेल, मॅट. चाळीस सेकंद काम, वीस सेकंदांत पुढच्या ठिकाणी जायचं. अशा तीन फेऱ्या, म्हणजे सत्तावीस मिनिटं. बाकीचा वेळ अंग गरम करायला आणि शेवटी थंड करायला. चाळीस सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण रोइंग मशीनवर पंचविसाव्या सेकंदाला मांड्यांत जी आग पेटते, ती आयुष्यात पहिल्यांदा कळली. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना कठडा धरावा लागला.

सगळ्यात जास्त धास्ती बर्पीची होती. उभं असताना खाली बसायचं, हात टेकून पाय मागे फेकायचे, जोर काढायचा, पाय पुढे आणून उडी मारायची. मला तिने उडीही दिली नाही आणि जोरही नाही. मी मनातून हिरमुसले. नंतर वाचलं, तेव्हा कळलं की न्यूयॉर्कच्या रॉयल बर्पी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात ही हालचाल सामान्य माणसाची तंदुरुस्ती तपासण्यासाठी बसवली, आणि तिच्यात ना जोर होता ना उडी. बसा, पाय मागे, पाय पुढे, उभे राहा, इतकंच. म्हणजे मी करत होते तीच मूळ बर्पी!

ताबाताचंही तसंच. वीस सेकंद काम, दहा सेकंद विश्रांती, चार मिनिटांत आटोपशीर व्यायाम, अशी त्याची जाहिरात होते. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांचा १९९६ चा तो प्रयोग मुळात तरुण, तयारीच्या खेळाडूंवर सायकलवर केलेला होता, आणि सातव्या-आठव्या खेपेला ते अक्षरशः संपून जातील इतका ताण त्यात होता. चाळिशीत पहिल्यांदा डंबेल उचलणाऱ्या बाईने त्यांच्या आकड्यांशी स्वतःला ताडून बघायचं कारणच नाही. डॉक्टरीणबाईंच्या 'जोराचं काम' यातला 'जोर' ज्याच्या त्याच्या दमाप्रमाणे मोजायचा असतो. दोन शब्दांच्या वर बोलता येत नसेल, तर तुमचा जोर पुरेसा लागला आहे. शेजारचा काय उचलतो याच्याशी त्याचा संबंध नाही.

हे मी लहानपणी पाहिलं होतं, फक्त विसरले होते. सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम होती. मुलींना आत मज्जाव, म्हणून मी बाहेर पायरीवर बसून बाबांच्या बैठका मोजायचे. वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी दहा जोर सांगायचे, त्याने अकरावा काढला तर ओरडायचे. पंधरवड्याने पाच वाढवायचे. आकडा वस्ताद ठरवायचे, पोराची हौस नाही. इथली ट्रेनर मुलगी इंग्रजीत 'स्केलिंग' म्हणते ते हेच.

तिसऱ्या आठवड्यात मी तिचं ऐकलं नाही. संकष्टी होती, दिवसभर चहा आणि एक केळं. संध्याकाळी सहाच्या वर्गात शिरले, तिला उपासाचं सांगितलं नाही, वर नेहमीपेक्षा जड केटलबेल घेतली. दुसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे काळे ठिपके आले, कानात गुंई आवाज. तिने मला आडवं केलं, पाय बाकावर ठेवले, घोटघोट संत्र्याचा रस पाजला. बरं वाटल्यावर चंद्रोदयाची सगळी गोष्ट सांगितली. तिने वहीत टिपून घेतलं आणि पुढच्या संकष्टीला मला फक्त स्ट्रेचिंगच्या वर्गाला बोलावलं. उपासाच्या दिवशी असा व्यायाम करू नका, मी कळकळीने सांगते.

पैशांचं बोलायचं तर आठवड्याला साठ डॉलर, आणि आम्हाला ते जाणवतात. बाहेरचं जेवण बंद केलंय.

आता जून आहे, म्हणजे इथला हिवाळा, पाचलाच अंधार पडतो. जोर काढताना मी हात जमिनीवर नाही, लोखंडी रॅकच्या आडव्या दांडीवर टेकते. रॅकला खालपासून वर आकडे घातलेली भोकं आहेत, दांडी जितकी खाली तितका जोर अवघड. सुरुवातीला ती चौदाव्या भोकात होती, माझ्या छातीच्या उंचीला. परवा तिने न विचारता दांडी काढली आणि नवव्यात बसवली. आठ जोर निघाले, आठव्याला कोपरं थरथरत होती. रक्ताची पुढची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.