पाटे ठणठणीत, तरी गाडी बसलेली

परवा गॅरेजमध्ये अलिबागकडची एक प्रीमियर पद्मिनी गाडी आली, १९८७ची, मालक रिटायर्ड शिक्षक, आल्या आल्या म्हणाले, "मागून डावीकडे बसलीये हो, एक पाटा वाढवून द्या." पाटा म्हणजे मागच्या चाकांवरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. आधी कुणीतरी नवे शॉकअप टाकून दिलेले आणि फरक शून्य. पडणार कसा, वजन पेलतो पाटा, शॉकअपचं काम उसळी मारणं थांबवायचं, पण गाडी बसली की लोक आधी शॉकअपच बदलतात.

डिकी रिकामी केली, चारही टायरची हवा बघितली, सपाट फरशीवर घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. डावीकडे चांगलं इंचभर कमी. कधीकधी पुढची स्प्रिंग थकली की मागचा कोपरा खाली दिसतो, म्हणून पुढून बरोबर मधोमध जॅक लावून उचलली, तरी कल तसाच, म्हणजे भानगड मागेच.

मग पाट्याच्या दोन टोकांच्या बुशमध्ये दोरी ताणून कमान मोजली आणि चक्रावलोच, दोन्ही बाजूंना सारखी! एकही पाटा तुटलेला नाही, पट्ट्या एकत्र धरणारा सेंटर बोल्ट जागेवर, पाटा ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट घट्ट. मग इंच गेला कुठे?

डिकीतलं मॅट उचललं तर डाव्या शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या हलत्या कडीच्या, वर पत्रा फुगलेला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो आरपार, पापडासारखा पत्रा, आणि खालून जाड काळं कोटिंग मारलेलं त्यामुळे काही दिसतच नव्हतं. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, पाट्याची टोकं बॉडीलाच धरलेली, त्यात खारी हवा आणि साचलेला चिखल, पत्रा सडला की शॅकलची जागाच वर सरकते.

काकांना जवळ बोलावून दाखवलं. "म्हणजे पाटा वाढवून भागणार नाही?"

"काका, वाढवला तर पाटा अजून कडक होईल आणि खड्ड्यातला प्रत्येक दणका याच सडक्या पत्र्यावर बसेल, एखाद दिवशी चालत्या गाडीत शॅकल डिकीत घुसेल." ते बराच वेळ त्या भोकाकडे बघत होते, मग म्हणाले, "नातवंडं मागेच बसतात. करा काय करायचं ते."

बॅटरी आणि पेट्रोलची टाकी आधी उतरवली, सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला, जाड प्लेट वेल्ड केली, नुसतं भोक बुजवलं नाही, भार पसरेल अशी लांब घेतली. पाटे तेच ठेवले. परत मोजलं तर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. उजवीकडे गंज नुकता धरायला लागलेला, तो खरवडून प्रायमर मारला, आणि पावसाळा संपला की खालून धुवून परत आणायला सांगितलंय.