बाईंचं पेन

सहावीत मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचो. हट्टाने. मधल्या रांगेत बसवलं की घाम फुटायचा. त्याआधीच्या सुट्टीत माझ्या डोळ्यांदेखत अपघात झाला आणि वडील गेले. त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

या स्मरणिकेत स्नेहसंमेलनांच्या आणि स्पर्धांच्या आठवणी इतर लिहितीलच. माझ्या डोक्यात त्या वर्षातलं तसलं काहीच उरलेलं नाही. आठवतो तो बाक सरकवल्याचा कर्कश आवाज. तो आला की मी दचकायचो, आणि दचकताना जो हसला त्याला मधल्या सुट्टीत बदडायचो. प्रगतिपुस्तकात 'उद्धट, अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा आहे. खोटा नाही तो. पण आता मुलांचा समुपदेशक म्हणून काम करताना कळतं, की घाबरलेल्या शरीराला धडा ऐकूच येत नाही. मेंदूतला धोक्याची वर्दी देणारा भाग, अमिग्डला, सारखा पहाऱ्यावर असतो. मग मूल अंगावर येतं, पळ काढतं, नाहीतर थिजून जातं. आणि थिजलेल्या पोराला आपण 'किती शहाणं आहे' म्हणतो!

बाई त्या वर्षी आमच्या वर्गशिक्षिका होत्या. 'काय झालं ते सांग बरं' असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. त्यांना काही ठाऊकच नसावं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. वही बघायला त्या मागून कधी आल्या नाहीत, समोरूनच यायच्या. डस्टर टेबलावर आपटायच्या नाहीत. दाराजवळची जागाही त्यांनी काढून घेतली नाही. हजेरी संपली की माझ्याकडे बघून मान हलवायच्या. मी तोंड फिरवायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकदा शाळा सुटताना म्हणाल्या, "उद्या मी रजेवर आहे, परवा येईन. तोवर हे तुझ्याकडे ठेव. परवा मला लागेल." हिरवं शाईचं पेन, टोपणाची क्लिप वाकडी. मी ते दोन रात्री उशाखाली ठेवलं. परवा बाई आल्या, पेन मागितलं, हजेरी घेतली. गेलेलं माणूस परत येऊ शकतं, हे माझ्या अंगाला नव्याने शिकावं लागत होतं.

पुढच्या रजेला पेन पुन्हा माझ्याकडे आलं, तेव्हा मी मुद्दाम निब वाकवली. बघू, आता काय करतात. बाईंनी कोपऱ्यावर दोन रेघा ओढून पाहिल्या. "लिहितंय की. जरा खरखरतं." बस्स. आणि त्यानंतरच्या रजेला तेच पेन पुन्हा माझ्या हातात!

हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक वर्षं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धड, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. कधी आजी, कधी शेजारी, कधी शिक्षक. प्रशिक्षणात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर फिरून आलो.

बाईंमुळे मी बरा झालो असं मात्र लिहिणार नाही. स्वप्नं येत राहिली, कॉलेजात असताना रीतसर उपचार घ्यावे लागले. पण उपचार करणाऱ्यासमोर बसून राहणं, मधेच उठून न जाणं, हे मला जमलं ते त्या वर्षामुळे. त्याच काळात दुसरे एक शिक्षक भर वर्गात माझी कीव करायचे, 'बिचारा' म्हणायचे. त्यांच्या तासाला मी हटकून बाहेर असायचो.

मागच्या वर्षी बाईंना भेटून आलो. पेनाची सगळी हकिकत सांगितली. चष्मा पुसत त्यांनी ऐकून घेतली.

"छे रे, नाही आठवत," त्या म्हणाल्या. "पण तुझं अक्षर फार वाईट होतं. सुधारलं का?"

नाही म्हणालो.