वाघ्यासाठी मास्तर शोधताना

मार्चमध्ये दादाचा फोन आला. शेडवरून रातोरात बेदाण्याचे आठ क्रेट गेले होते. तासगाव तालुक्यातली आमची वस्ती गावापासून बरीच आत, मळ्यात. दादा मालाच्या गाडीबरोबर गेला की रात्री तिथं आई-आबा दोघंच. दादा म्हणाला, "वाघ्याला ट्रेनिंगला टाकतो. दोन महिन्यांत फाडून खाईल असा करून देतो म्हणतोय तो माणूस. फक्त तोवर भेटायला यायचं नाही."

वाघ्या म्हणजे आमचा जर्मन शेफर्ड, तेव्हा दहा महिन्यांचा. दादाचं शेवटचं वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. ईस्टरच्या सुट्टीत मी घरी येणारच होतो. म्हटलं, तोवर थांब.

इकडे जर्मनीत, कासेलजवळ, माझी शेजारीण दर शनिवारी तिचा कुत्रा क्लबच्या मैदानावर नेते, मीही सोबत जातो. तिथं रक्षणाच्या कामाआधी आज्ञापालनाची आणि रहदारीत शांत राहण्याची परीक्षा असते. कुत्रा १५ महिन्यांचा झाल्याशिवाय त्या परीक्षेला बसता येत नाही. ती पास झाल्यावर, १८ महिने भरले की आयजीपी नावाची पुढची परीक्षा देता येते. तिच्यात मैदानावरच्या आडोशामागे जाड पँट घातलेला मदतनीस उभा असतो, हातात ज्यूटची बाही. तो स्तब्ध असेल तर कुत्र्यानं नुसतं भुंकायचं, तोंड लावलं तर गुण जातात. तो पळाला किंवा अंगावर आला तरच बाही धरायची, आणि मालकानं 'आउस' म्हटलं की सोडायची. पहिल्या हुकमाला सोडली नाही तर आणखी दोन हुकूम मिळतात. तरीही नाही सोडली, तर कुत्रा बाद. मैदानावर सगळ्यांचा जीव त्या सोडण्याच्या क्षणात अडकलेला असतो.

पैसे घेऊन कुत्रे शिकवायचे तर जर्मनीत २०१४पासून सरकारी परवाना लागतो. विजेचा झटका देणारा पट्टा चालत नाही, आणि २०२२पासून प्रशिक्षणात काटेरी पट्ट्यालाही बंदी आहे. आपल्याकडे ट्रेनरकडे मागावा असा कागद नाही, त्यामुळे सगळी भिस्त आपल्याच डोळ्यांवर.

म्हणून दादानं ठरवलेल्या माणसाकडे आम्ही न कळवता गेलो. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, आणि हातभर साखळ्यांना बांधलेले कुत्रे. त्यानं चावण्याचे व्हिडिओ दाखवले. मी म्हटलं, "सोडताना दाखवा." त्यानं एक कुत्रा आणला, बाही धरायला लावली आणि सोडवताना जबड्यात काठी घातली. दादा काही न बोलता गाडीकडे वळला.

दुसरे गृहस्थ कराडजवळचे, लष्कराच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. त्यांनी वाघ्याकडे आधी पाहिलंच नाही. घरी कोण कोण असतं, भाकरी कोण घालतं, कामाला बायका येतात का, त्यांची पोरं सोबत असतात का, असं विचारत राहिले. मग वाघ्याच्या मागं एक घमेलं आपटलं. तो शेपूट घालून मागं सरला आणि गुरगुरला.

"हा भ्यालाय. भ्यालेल्याला चावायला शिकवलं तर चोर कोण आणि पाहुणा कोण, हे तो बघत बसणार नाही. मी नाही शिकवणार."

दादाला ते पटेना. तेव्हा मी त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगितलं: पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दादा गप्प झाला तो आईच्या बोलण्यानं. "चोर परवडला. द्राक्षाच्या बायकांची पोरं अंगणात खेळत्यात, त्यास्नी लागलं तर?"

शेवटी ठरलं ते साधंच: अनोळखी माणूस आला की भुंकायचं, परक्यानं टाकलेलं खायचं नाही, हाक मारली की यायचं आणि तोंडातलं सोडायचं. कुत्रा ठेवून घ्यायला कराडच्या गृहस्थांनी साफ नकार दिला. दर रविवारी आईंनाही घेऊन या म्हणाले, रात्री हुकूम त्यांनाच द्यावा लागणार. शेडला दिवा लावा, हेही सांगितलं. रात्री वाघ्याला उघड्यावर बांधू नका, पिंजऱ्यात ठेवा, हे दोनदा बजावलं. कराडकडच्या ऊसपट्ट्यात बांधलेला कुत्रा बिबट्याच्या तावडीत आयताच सापडतो.

मी परत आलो. आई मात्र दर रविवारी दादाच्या गाडीतून कराडला जात राहिली. पहिले दोन रविवार तिला हुकूम देताच येईना, ती आर्जवच करायची. "अरं ये की रं बाळा." त्यांनी तिला एकच शब्द, एकाच आवाजात, पुन्हा पुन्हा म्हणायला लावला.

काल व्हिडिओ कॉलवर वाघ्या आबांची चप्पल तोंडात धरून अंगणात आला. आई भाकरी थापत होती, उठलीसुद्धा नाही.

"सोड."

त्यानं सोडली.