दुधातून केसीन काढताना

बीएस्सीच्या जर्नलमध्ये ‘दुधातून केसीन वेगळे करणे’ असा प्रयोग होता. केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. वाचून अगदी किरकोळ वाटला. दुधात आम्ल घाला, गाळा, धुवा, वाळवा, वजन करा. बॅचमधला एक जण म्हणालाच, “हे तर आमची आई दर रविवारी करते. पनीर!”

साय काढलेलं 100 मिलिलिटर गायीचं दूध 40 अंशांपर्यंत कोमट केलं. उकळायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. मग ड्रॉपरने सौम्य ॲसेटिक आम्ल, थेंब थेंब, हलवत हलवत. दुधाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, 6.6 च्या आसपास असतो; आम्ल वाढेल तसा हा आकडा उतरतो. तो 6 वर आला तरी दूध आपलं दुधासारखंच. पाचच्या आसपास काचेला बारीक कण चिकटू लागले आणि 4.6 ला पांढरे गोळे खाली, पिवळसर पाणी वर. “आता पुरे,” मॅडम म्हणाल्या, “अजून घातलंत तर परत विरघळेल.”

हे परत विरघळणं मला नवीन होतं. प्रथिनं ज्यांची बनतात त्या वीस अमिनो आम्लांच्या रचना अकरावीत घोकल्या होत्या, पण त्यांच्यावरचा विद्युतभार काय उद्योग करतो ते इथे दिसलं. दुधात केसीनचे हजारो रेणू कॅल्शियम फॉस्फेटसह एकत्र येऊन सूक्ष्म गोळे करून असतात. फॉस्फेट आणि कार्बॉक्सिल गटांमुळे त्यांच्यावर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. आम्लातले हायड्रोजन आयन हा भार कमी करत जातात. 4.6 ला धन आणि ऋण भार बरोबरीत येतात, लोटणं थांबतं, सगळे एकमेकांना चिकटतात. त्याच्या पलीकडे गेलं की धन भार वाढतो आणि पुन्हा पांगापांग.

गाळणं कंटाळवाणं. मलमलच्या फडक्यातून पिळलेला गोळा चिकट होता, कारण साय काढली तरी थोडी चरबी राहतेच. ती काढायला आधी इथेनॉल, मग ईथर. ईथर लगेच पेटतं, म्हणून लॅबमधले सगळे बर्नर बंद. मेदाच्या रेणूंवर भार जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाण्याशी त्यांचं जमत नाही, ईथरमध्ये मात्र ते निमूट विरघळतात. धुतल्यावर गोळ्याची कोरडी भुकटी झाली, अडीच ग्रॅमच्या थोडी वर. एका गटाचं केसीन चार ग्रॅम भरलं, तेव्हा मॅडमनी नुसतं “परत वाळवा” म्हटलं.

खरी मजा निवळीत, म्हणजे गाळून उरलेल्या पिवळसर पाण्यात होती. तिचा हिरवट पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाचा. केसीन गेलं, तरी प्रथिनं ओळखायच्या बाय्युरेट चाचणीला निवळी जांभळी झाली. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण पाचवा हिस्सा केसीन नसतोच. ही उरलेली प्रथिनं घट्ट घडी घालून बसलेली असतात, त्यामुळे 4.6 लाही विरघळलेली राहतात. कॅल्शियम कार्बोनेट घालून निवळी उकळली तेव्हा घडी उलगडली आणि तीही साकळली. रविवारच्या पनीरचं उत्तर इथे मिळालं: घरी दूध आधी उकळतो, त्यामुळे यातली बरीचशी प्रथिनं केसीनला आधीच चिकटतात आणि पनीरमध्येच येतात.

उरलेलं पाणी गाळून त्यात बेनेडिक्ट, म्हणजे काही साखरा ओळखायचं तांब्याचं द्रावण, घालून तापवलं, तर विटकरी साका. हा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर: ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची जोडी. चहातल्या साखरेने ही चाचणी दिली नसती. तिच्या दोन्ही घटकांची क्रियाशील टोकं एकमेकांतच अडकलेली असतात, लॅक्टोजमध्ये ग्लुकोजचं टोक मोकळं असतं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “दही लावताना आम्ल कोण घालतं?” जिवाणू याच लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल करतात, पीएच 4.6 च्या आसपास उतरतो आणि केसीन जागच्या जागी घट्ट बसतं, एवढं मी सांगितलं. पुढचा प्रश्न बेनेडिक्टमधल्या तांब्याचा होता, तो शेजारणीकडे गेला.