ड्रायव्हर किती गेला?

रविवार, रात्री साडेअकरा

गोल्फच्या अठरा होलांना फटके एकशे आठ. जितके कमी तितकं चांगलं, आणि एकशे दहाच्या आत मी पहिल्यांदाच आले. कार्डाचा फोटो काढून दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं तेव्हा आम्ही नाशिकहून परतताना राहुडच्या घाटात कांद्याच्या ट्रकमागे अडकलो होतो. "छान. ड्रायव्हर किती गेला?"

ड्रायव्हर म्हणजे लांब मारायची मोठी काठी, क्लब. बस, एवढंच विचारलं.

मालेगावला चहाला थांबलो तेव्हा यांनी विचारलं, गप्प का? म्हटलं, ऊन लागलंय. घरी आले तर आई जागीच होती. तिला आकडा सांगितला, तर म्हणते, "एकशे आठ? माळ पूर्ण झाली म्हण की." तिला हसू आलं, मला काही येईना.

ड्रायव्हर कुठेच गेला नाही ना. तिसऱ्या होलनंतर तो बॅगेबाहेरच निघाला नाही. आणि मी काही तो ठेवला नाही, बॅग उचलणाऱ्या कॅडीमामांनी ठेवला.

पहिल्या टीवर, म्हणजे होल सुरू होतो त्या जागेवर, चेंडू उजवीकडे वळून कुंपणापार. ओबी, हद्दीबाहेर. म्हणजे एक दंडाचा, आणि पुन्हा तिथूनच मारायचा. हातात क्लब दुसऱ्यांदाच धरलेला, पण मोजणीत तो तिसरा फटका. दुसऱ्या होलला झाडीत. तिसऱ्याला पुन्हा ओबी. तीन होलांना फटके आठ, आठ, नऊ. चौथ्या टीवर चढून पाहते, तर मामांनी ड्रायव्हरला टोपी घातलेली. त्या टोपीचं इलॅस्टिक कधीचं सैल झालंय, ती सारखी गळते. म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून रबरबँड काढला आणि टोपीवर दोन वेढे दिले. अगदी सावकाश, सामान बांधून ठेवावं तसं. मग सात नंबरचा क्लब माझ्या हातात दिला. "ताई, हा बरा. आणि इथे पाच फटके नका धरू, सहा धरा."

टाकून बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. बोलले अगदी प्रेमाने. पुढे पंधरा होल मी सात नंबरने टी-ऑफ केला, चेंडू दिसेल अशा जागी ठेवला, ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, कडेवरून हवेत न उचलता पटरने सरपटवला, आणि शेवटी बेरीज आली एकशे आठ. सोबतच्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले, फोटोही काढला.

पण टाळ्या नक्की कोणाच्या? पाहुण्यांनी बोटं चाटून भरीत खावं आणि वांगी भलत्याच बाईने भाजलेली असावीत, तसं झालंय.

आणि खरं दुखतंय ते वेगळंच. मळ्यातली ती पट्टी. खळ्याशेजारी रोपवाटिकेतून आणलेली हिरवी शेडनेट बांधलीय, तिच्यासमोर पहाटे सहाला उभी राहते, कारण मेमध्ये धुळ्यात नऊ वाजताच ग्रिप हाताला चटके देते. आमची काळी माती. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की नेटवरून परत घरंगळलेला चेंडू एखादीत उतरला की काठी घालून काढावा लागतो. पावसात तीच माती क्लबच्या खाचांत भरते आणि काडीने कोरत बसावं लागतं. जमिनीवर फक्कीची रेघ मारायची, चेंडू न ठेवता स्विंग करायचा आणि क्लब रेघेच्या कुठे लागला ते बघायचं. रेघेच्या अलीकडे माती उडाली तर फॅट, म्हणजे चेंडूआधी जमीनच लागली. पलीकडे, डाव्या हाताला, उडाली तर बरोबर. सालदाराची बायको बांधावरून विचारायची, "काय करी ऱ्हायनी व ताई, भुई झोडी ऱ्हायनी का?" हो बाई, तेच करत होते.

मागे जायला तीन मोजायचे, खाली यायला एक. पकड चिमणी धरावी इतकी हलकी, असं जो तो सांगतो. (चिमणी धरलेली कोण असतं यांच्यातलं?) आधी कंबर वळते, मग हात येतात. हे सगळं मी केलं. आणि ज्या दिवशी स्कोर उतरला त्या दिवशी ज्याच्यासाठी हे केलं तो क्लब रबरबँड लावून बॅगेत. मग केलं कशासाठी?

मघाशी जेवताना वाटलं, स्लाइस, म्हणजे चेंडूचं उजवीकडे वळणं, निदान कमी झाला असेल. नाही झाला. हे मला समजतं, हीच तर पंचाईत. चेंडू सुटतो साधारण क्लबचं तोंड असेल तिकडे, आणि वळतो ते तोंड आणि क्लबची वाट यांच्यात फरक असला की. माझा क्लब बाहेरून आत येतो आणि तोंड उघडं राहतं, म्हणून चेंडू उजवीकडे पळतो. घाबरून जितकी डावीकडे वळून उभी राहते तितकी वाट आणखी तिरकी होते आणि चेंडू आणखी उजवीकडे. सात नंबरला लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा वरचा कल, जास्त, चेंडूला मागची फिरकी जास्त, त्यामुळे तीच खोड तिथे थोडीच दिसते. मामांनी काही दुरुस्त केलं नाही, फक्त झाकलं. आणि झाकल्यावर स्कोर चांगला आला. याचा आनंद कसा मानायचा ते कोणीतरी सांगा.

दादा विचारतो त्यात चूक काही नाही. मागे त्यानेच पाठवलं होतं. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेच्या टूरवरचे लाखो फटके मोजून मांडले. पहिल्या फळीच्या खेळाडूंचा इतरांपेक्षा जो फायदा दिसतो, त्यातला जवळपास दोन तृतीयांश शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांतून येतो. पटिंगचा, म्हणजे ग्रीनवरच्या सरपटत्या फटक्यांचा, वाटा लोक समजतात त्याहून बराच कमी. 2011 पासून पीजीए टूर, म्हणजे तीच अमेरिकेची टूर, त्यांच्या पद्धतीने पटिंगचे आकडे देते, म्हणजे ही गंमतजंमत नाही. 'लांब मारशील तर उतरशील', दादाचं नेहमीचं. त्याचा सेट, त्याचा ड्रायव्हर, स्टिफ शाफ्ट, म्हणजे ताठ दांडा, त्याच्या उंचीचा. जाताना ठेवून गेला तेव्हा नाना होते. नाना असते तर आज... जाऊ दे. मळ्याच्या कागदांवरची सही राहिलीच आहे अजून, आणि आमचं दोघांचं बोलणं हल्ली गोल्फवरच चालतं, ते एक बरं आहे. म्हणून तर फोटो पाठवला.

म्हणजे आता उत्तर काय देऊ? 'काढलाच नाही' लिहिलं तर तो म्हणणार, मग खेळलीस काय? 'बरा गेला' लिहिलं तर खोटं. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं.

बारा वाजून गेले.

झोप नाही, म्हणून कार्ड घेऊन बसले. त्याच्या मागच्या बाजूला मी पटांचे ठिपके मारत असते. पार, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटके, 72 धरला तर त्यातले 36 फटके पटांचेच धरलेले असतात, प्रत्येक ग्रीनवर दोन. ते निम्मे फटके कोणी फोटोत विचारत नाही. आज माझ्या ठिपक्यांत तीन-तीनचे झुबके जवळजवळ नाहीतच. हे मामांनी नाही केलं. हॉलमध्ये सतरंजी अंथरून रात्री मी जे ठकठक करत बसते, ज्याने यांची झोपमोड होते, त्याचं आहे ते. लांबचा पट आत घालायचा नाहीच, फक्त होलजवळ, क्लबच्या लांबीच्या आत थांबवायचा. सतरंजीच्या विणीवर चेंडू शेवटच्या हातभर अंतरात थोडा डावीकडे सरकतो, ते धरून मारायचं. भोक तरी केवढं, 108 मिलिमीटर. इथेही एकशे आठच! आईला सांगायला हवं.

आणि बारावा होल. छोटा, पार तीन. सात नंबरच होता, पण तिथे मामांनी आठ काढला होता आणि मीच म्हटलं, सात द्या, वारा समोरून आहे. चेंडू आधी लागला, मग जमीन. लागल्याचा आवाज वेगळाच येतो, बोटांत काहीच जाणवत नाही. खाली बघितलं तर चेंडू होता त्याच्या पुढे तळहाताएवढा मातीचा पापुद्रा उडालेला. पुढेच, फक्कीच्या पलीकडे. चेंडू ग्रीनवर. मामांनी तो पापुद्रा उचलून आणला, जागेवर ठेवला, चपलेने दाबला आणि चालू लागले. बोलले काहीच नाहीत. त्यांना वेगळं काही वाटलंच नसणार. दिवसभर ते अशी पापुद्र्यांची दाबादाबी करतात.

झाडीतून आत घेतलेले, कडेने सरपटवलेले फटके त्यांचे असू देत. बारावा माझा. दोन पट धरून तीन. पार. अख्ख्या कार्डावर एकच. आता या एकाच्या जोरावर मी किती दिवस मिरवणार ते देवाला माहीत, पण मिरवणार.

आणि तसंही 2020 पासून जगभर हँडिकॅपची, म्हणजे खेळाडूची पातळी आकड्यात ठरवायची, जी पद्धत आहे, तिच्यात शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या आठच धरतात. बाकी बारा कोणी विचारत नाही. एखाद्या होलवर कितीही बुडालात तरी त्यासाठी ठरावीक मर्यादेपलीकडे धरत नाहीत. शिवाय वरची हद्द 54. इतका मोठ्या मनाचा हिशेब आमच्या भावकीत तरी मी पाहिला नाही. त्या पद्धतीलासुद्धा ड्रायव्हर किती गेला ते लागत नाही, कितीत संपलं तेवढं लागतं. मामा आणि ती पद्धत एकाच घरचे दिसतात.

ब्रॉडींचंही खरं आहे. पण ते ज्यांचे चेंडू मोजतात त्यांचे चेंडू सापडतात. माझे दोन आज नाशिकच्या कुंपणापलीकडे, कोणाच्या तरी द्राक्षात पडलेत. तेवढा हिशेब दादाला एकदा मांडून दाखवायला हवा. आज नको. आज त्याला लिहिलं, "ड्रायव्हर तीनदा गेला, तिन्ही वेळा लांब. बाराव्याला पार केला." पाठवलं. यात खोटं एकही अक्षर नाही.

ड्रायव्हर टाकून मात्र देणार नाही. शाफ्ट बदलून मिळतो, बायकांच्या लांबीचा आणि जरा मऊ. नाशिकला पुढच्या वेळी चौकशी करते. (नाशकात नुसतं 'गोल्फ क्लब' म्हणून रिक्षात बसलात तर रिक्षावाला क्रिकेटच्या मैदानावर नेतो, आणि तिथे शाफ्ट काही मिळणार नाही.) शाफ्ट येईपर्यंत टीवर सात नंबर. रबरबँड मी अजून काढलेला नाही. टोपी चांगली बसलीय त्याने, गळत नाही.

उद्या नळाचा दिवस. पाणी पहाटे चारला येईल की सातला, भरवसा नाही. मळ्यात काही जाणं होत नाही. परवा फक्की संपलीय ती आणायची, दोन किलो पुरेल.